ग्रॅम मोजून झाले, आता ओलावा बघा

वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर नाश्त्याला काय खावं असं नेटवर शोधलं की याद्यांचा नुसता पाऊस पडतो, ३० ग्रॅम प्रोटीनचा नाश्ता, पाच मिनिटांत होणारा नाश्ता, रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवायचा नाश्ता, आणि प्रत्येक यादीवर एवढ्या भरगच्च ताटलीचा फोटो की सुरुवातीच्या काळात मला ती संपवायला आठवडा लागला असता. याद्या खोट्या नसतात. लिहिणाऱ्याचं पोट शाबूत असतं एवढंच.

माझी स्लीव्ह झालीये. म्हणजे पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला आणि मागे एक अरुंद नळी ठेवली. ज्यांचा बायपास (वजनाच्याच सर्जरीचा दुसरा प्रकार) होतो त्यांच्या पोटाच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करतात, सुरुवातीला तिच्यात ३० मिलीच्या आसपास मावतं, म्हणजे मोजायचे दोन मोठे चमचे, आणि आतडं आणून थेट तिलाच जोडतात. आता एवढ्याशा जागेतून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन आत गेलं पाहिजे. सर्जरी करणाऱ्या बऱ्याच टीम ६० ते ८० सांगतात, काहींना त्याहून जास्त. का, तर वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जायला लागतात, जखमा भरायलाही प्रोटीन लागतं, आणि खाणं मुळातच इतकं कमी झालेलं असतं की असलेल्या जागेत आधी कोणाला बसवायचं हे ठरवावंच लागतं. म्हणून डायटिशियनचं एकच पालुपद असतं, आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर बाकीचं. जागा उरत नाही हा भाग वेगळा.

कागदावर गणित सोपं दिसतं. एका मोठ्या अंड्यात ६ ग्रॅम, १०० मिली दुधात ३ पेक्षा थोडं जास्त, १०० ग्रॅम घट्ट ग्रीक योगर्टमध्ये ९-१०, तेवढ्याच कॉटेज चीजमध्ये (ओलसर, दाणेदार ताजं चीज, आपलं घट्ट पनीर नव्हे) ११ च्या आसपास. एक अंडं, वर छोटी वाटी योगर्ट, झाले की १५-१६! पण पहिल्या काही महिन्यांत हे दोन्ही एका बैठकीत जातच नाही, आणि कसंबसं गेलंच तर आत राहील याची खात्री नाही. मी माझ्यापुरती एका निष्कर्षाला आलीये, ग्रॅम सगळेच मोजतात, वहीत लिहितात, ॲपमध्ये टाकतात, पण घास ओला आहे का कोरडा हे कोणी बघत नाही, आणि सकाळचा नाश्ता बसतो का बिघडतो ते बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. तेच अंडं, तेच चिकन, तेवढेच ग्रॅम, एकदा आरामात गेलं आणि एकदा छातीत दगडासारखं अडकलं, फरक फक्त ओलाव्याचा.

त्याआधी भुकेबद्दल. सर्जरी न झालेल्या माणसाला हे पटकन पटत नाही पण सकाळी भूक लागतच नाही. भुकेचा निरोप पाठवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः पोटाच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो, त्यामुळे पहिले बरेच महिने पोट गप्प असतं. लोक म्हणतात किती छान, भूकच नाही, आणि पहिल्यांदा मलाही ते वरदानच वाटलं, पण भूक नसताना खाणं हे भूक असताना न खाण्याइतकंच कंटाळवाणं काम आहे, घड्याळाकडे बघून खायचं, चव आवडो न आवडो. नवरा विचारायचा, "अगं, भूक लागलीये का, करू का काही?" आणि मी सांगायचे की भुकेचं विचारूच नकोस, आठ वाजले का ते सांग.

त्यात सकाळची वेळ सगळ्यात अवघड. मला आणि ओळखीतल्या सर्जरी झालेल्या बऱ्याच जणांना सकाळी उठल्या उठल्या आत सगळं आवळल्यासारखं वाटतं, दुपारी जे सहज जातं ते सकाळी दोन घासांत थांबतं. ह्याला मला लागू पडलेला उपाय म्हणजे आधी काहीतरी कोमट, घोट घोट करत, पाणी किंवा पातळ सूप, आणि मग थोडं थांबून खाणं. थांबायचं अशासाठी की खाणं आणि पिणं एकत्र करायचं नाही हा नियम आहे, खाताना पाणी नाही आणि खाल्ल्यावर साधारण अर्धा तास नाही. पाण्याने जागा भरते, प्रोटीनला जागा राहत नाही, शिवाय घास लवकर पुढे ढकलला जातो आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. दिवसभरात दीड लिटर तरी प्यायचंय, ते घोटाघोटाने, आणि खाण्याच्या आजूबाजूचा वेळ सोडून, म्हणजे सकाळचं वेळापत्रक रेल्वेसारखं आखावं लागतं, उठा, घोट घ्या, थांबा, खा, थांबा, परत घोट घ्या. कामावर जाणाऱ्या माणसाने हे कसं जमवायचं? तर पाऊण तास आधी उठून, दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

पहिले दोन आठवडे तर नाश्ता असं काही नसतंच, सगळंच पातळ. एखाद-दोन दिवस नितळ द्रव, मग दूध, शेक, गाळलेलं सूप, मग मिक्सरमधून मऊ केलेलं, मग मऊ पण मिक्सरमधून न काढलेलं, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीच्या अन्नाकडे. आठवडे टीमप्रमाणे पुढेमागे होतात, आणि तुमच्या टीमने दिलेला कागद हाच शेवटचा शब्द, दुसऱ्या कोणाला दहाव्या दिवशी अंडं दिलं म्हणून आपण खायचं नाही, आतले टाके त्याचे वेगळे आणि आपले वेगळे.

ह्या पातळ काळात मला खरी साथ दिली ती साय काढलेल्या दुधाच्या पावडरने. तिचं कौतुक कुठे फारसं होत नाही, सगळे महागड्या डब्यांमागे. पण बघा, २०० मिली दुधात साडेसहा-सात ग्रॅम प्रोटीन, त्यात साधारण २० ग्रॅम पावडर नीट घोटून घातली की आणखी सात, म्हणजे तेवढ्याच कपात दुप्पट, आणि चव दुधाचीच. तोच कप पाऊण-एक तास पुरवून पुरवून प्यायचा. व्हे प्रोटीनच्या (दुधाच्या निवळीतून काढलेली पावडर) एका स्कूपमध्ये बहुतेक वेळा २० ते २५ ग्रॅम असतात हे खरंय आणि सुरुवातीला त्याशिवाय आकडा गाठणं कठीणच, पण त्याची गोडी! शेकमधला कृत्रिम गोडवा सर्जरीच्या आधी मला आवडायचा, नंतर तोच इतका अंगावर यायला लागला की बाटलीचं झाकण उघडलं तरी तोंड फिरायचं. चव बदलते, बऱ्याच जणांची बदलते, आणि आधी भरून ठेवलेले डबे तसेच पडून राहतात. म्हणून सर्जरीच्या आधी मोठा डबा घेऊ नये, एकेका पुडीचे नमुने घ्यावेत.

त्यावर तोडगा म्हणजे सकाळी गोड खाणं-पिणं हवंच असं कोणी सांगितलंय. बिनचवीची पावडर मिळते, ती मी गाळलेल्या सूपमध्ये घालायचे. फक्त एक लक्षात ठेवायचं, उकळत्या सूपमध्ये टाकली की तिच्या गुठळ्या होतात, रबरासारख्या, कितीही घुसळा मोडत नाहीत, कारण जास्त उष्णतेने व्हे साखळतं. सूप पिता येईल इतपत निवू द्यायचं, पावडर वेगळ्या वाटीत थोड्या गार पाण्यात कालवायची, आणि मग ते कालवण हळूहळू सूपमध्ये सोडत ढवळायचं. असं केलं तर कळतसुद्धा नाही. सकाळी सात वाजता टोमॅटो सूप पिणारी बाई म्हणून घरात चेष्टा झाली माझी, होऊ दे.

आता अंडं. सगळ्या याद्यांचा राजा. स्वस्त, मऊ, पचायला बरं, प्रोटीन एक नंबर, आणि तरीही सर्जरीनंतर बऱ्याच जणांना दगा देणारा पदार्थही हाच. मला वाटतं ह्याचं कारण अंड्यात नाही, आपल्या स्वयंपाकात आहे. आपण अंडं जास्त शिजवतो. जास्त शिजलं की त्यातलं प्रोटीन आवळून पाणी बाहेर टाकतं, अंडं कोरडं आणि चिवट होतं, आणि ते चावून चावून गिळलं तरी आत जाऊन गोळा होतो.

एकदा नवऱ्याने सकाळी अंडं केलं, मी पाण्याचं वेळापत्रक पाळत होते म्हणून ते तसंच राहिलं, मग त्याने प्रेमाने मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिलं. दिसायला छान पिवळंधमक. तीन घास खाल्ले आणि छातीच्या हाडामागे दाब सुरू झाला, मग तोंडात पाणी सुटायला लागलं, साधी लाळ नाही, फेसाळ, चिकट, सतत येणारी, सर्जरीवाले ज्याला फेस येणं म्हणतात ते. बसवेना, उभं राहवेना, घरात येरझाऱ्या घातल्या, आणि पाणी पिऊन ढकलावं तर त्याने आणखी वाढतं. शेवटी ते आलं तसं बाहेर गेलं तेव्हा बरं वाटलं. तो बिचारा रडवेला झाला, "अगं एक अंडं तर होतं!" एकच होतं, आणि त्यातलंही अर्धंच, पण दुसऱ्यांदा गरम केलेलं.

तेव्हापासून अंड्याची पद्धत ठरली. एका अंड्याला एक मोठा चमचा दूध किंवा दही, नीट फेटायचं, पॅन कोमट, गॅस अगदी बारीक, रबरी कालथ्याने तळापासून सतत सारत राहायचं. घाई नाही. तीन-चार मिनिटांनी मऊ गोळे धरायला लागतात, अजून ओलं चकचकतंय असं वाटतं तेव्हाच गॅस बंद करायचा कारण पॅनची उष्णता पुढचं काम करते. सगळं धरलेलं हवं, कच्चं वाहतं नको, पण पाणी सुटेपर्यंतही नको. आणि लगेच खायचं, त्यातलं उरलं तर उरलं, परत गरम करायचं नाही. उकडलेलं अंडं आवडत असेल तर ते काट्याने बारीक कुस्करून त्यात घट्ट दही कालवायचं, दह्याने ओलावाही मिळतो आणि ग्रॅमही वाढतात. कच्चं अंडं शेकमध्ये घालण्याचे व्हिडिओ फिरत असतात, ते करू नका, अशा नाजूक दिवसांत साल्मोनेला जंतूंची भानगड कोणाला हवीये.

अंड्यापेक्षाही मला जास्त उपयोगी पडला तो एक बेक केलेला प्रकार. रिकोटा (असंच मऊ ताजं चीज) किंवा कॉटेज चीज, त्यात एक अंडं फेटून, चवीला मीठ-मिरपूड, वर दोन चमचे टोमॅटोचा पातळ सॉस, आणि छोट्या वाट्यांमध्ये ओव्हनला लावायचं, कडा धरल्या आणि मधे थोडं हललं की बाहेर. चीजमध्ये पाणी धरून ठेवलेलं असतं त्यामुळे हे गार झालं तरी मऊ राहतं आणि दुसऱ्या दिवशी हलकं गरम केलं तरी अंड्यासारखं दगा देत नाही. अर्धी वाटी म्हणजे सात-आठ ग्रॅम, आणि ती वीस मिनिटांत खाऊन होते. वीस मिनिटं ऐकून हसू नका, तेवढा वेळ लागतो, लागलाच पाहिजे, छोट्या चमच्याने, घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावून, मधे चमचा खाली ठेवून.

आणि थांबायचं कधी? पूर्वी पोट भरल्याचं पोटात कळायचं. आता मला ते नाकात कळतं. खरंच, नाक गळायला लागतं. कोणाला उचकी लागते, कोणाला शिंक येते, ओळखीतल्या एकीचा खांदा दुखतो. तो इशारा आला की पुढचा घास कितीही छोटा असला तरी घ्यायचा नाही. वाटीत दोन ग्रॅम राहिले म्हणून ते संपवायला जाणं म्हणजे खाल्लेले आठही घालवणं.

योगर्टबद्दल थोडं. डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नका, मागचा तक्ता वाचा, १०० ग्रॅमला प्रोटीन किती आणि साखर किती. फळांचे चित्र असलेल्या बऱ्याच डब्यांत साखर प्रोटीनपेक्षा जास्त निघते, अगदी प्रोटीन असं ठळक छापलेलं असलं तरी. साधं, बिनसाखरेचं, घट्ट घ्यायचं, किंवा घरचं दही स्वच्छ कापडात बांधून पाणी निथळू द्यायचं, जितकं पाणी जाईल तितके चमच्यामागे ग्रॅम वाढतात. इथे कोणी म्हणेल की आत्ताच ओलाव्याचं एवढं सांगितलं आणि आता पाणी काढायला सांगतेस. तर दही निथळलं तरी गुळगुळीत राहतं, घशाखाली सरकतं, अंड्याचं किंवा चिकनचं पाणी गेलं की मागे धागे आणि रबर उरतं.

साखरेला एवढं घाबरायचं कारण कॅलरी नाही, डंपिंग. बायपासवाल्यांना जास्त, स्लीव्हवाल्यांना कमी पण होतं. गोड किंवा पातळ-गोड काही भराभर लहान आतड्यात उतरलं की आतडं ते पातळ करायला रक्तातलं पाणी ओढून घेतं, आणि खाल्ल्यावर दहा मिनिटं ते अर्धा तास, कधी तासाभरात धडधड, घाम, पोटात पिळवट, जुलाब, आणि आडवं पडल्याशिवाय गत्यंतर नाही अशी अवस्था. दुसरा प्रकार उशिरा येतो, एक ते तीन तासांनी, साखर वर उसळली म्हणून इन्सुलिन जास्त सुटतं आणि मग साखर एकदम खाली, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी. नाश्त्याला फळांचा रस पिऊन अकराच्या मीटिंगमध्ये हे झालं तर कोणाला सांगणार. फळ खायचंच असेल तर थोडंसं, मऊ, आणि प्रोटीन खाऊन झाल्यावर.

जे अंडं खात नाहीत किंवा ज्यांना सर्जरीनंतर दूध पचेनासं होतं (बायपासनंतर लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, त्रास नव्याने सुरू होणारे बरेच असतात) त्यांचं काम थोडं जास्त कष्टाचं आहे हे मान्यच करायला हवं. लॅक्टोज काढलेलं दूध मिळतं, व्हे आयसोलेटमध्ये, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या व्हे पावडरमध्ये, लॅक्टोज फारच कमी असतं, सोया दूध १०० मिलीला ३ ग्रॅमच्या आसपास म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. बदामाचं दूध मात्र निव्वळ नावाला, १०० मिलीमागे बहुतेकदा १ ग्रॅमसुद्धा नाही, ते पिऊन प्रोटीन घेतल्याचं समाधान मानू नये. सगळ्यात मऊ जातं ते सिल्कन टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं लुसलुशीत पनीर, चमच्याने खाता येतं, १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आसपास देतं, मिक्सरमधून फिरवून सूपमध्ये घातलं तर सूप मलईदार होतं. १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत ९ ग्रॅम असतात, चांगलं प्रोटीन आहे, पण बरोबर तंतूही येतात आणि पोट लवकर भरतं, गॅसही होतो, म्हणून पातळ करून, गाळून, थोड्या प्रमाणात, आणि त्यात वाटाण्याची किंवा सोयाची प्रोटीन पावडर मिसळून.

कोलॅजनचं फॅड आहे सध्या, कॉफीत घाला, केस वाढतील वगैरे. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, म्हणजे ते अपूर्ण प्रोटीन आहे. आवडत असेल तर घाला बापडे, पण दिवसाच्या ६० ग्रॅमच्या हिशोबात धरू नका.

केसांचा विषय निघालाच आहे तर, तीनेक महिन्यांनी केस गळायला लागतात आणि घराघरांत घबराट उडते. सर्जरी आणि झपाट्याने उतरलेलं वजन ह्या धक्क्याने केसांचा मोठा गठ्ठा एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातो आणि काही महिन्यांनी गळतो, म्हणजे आज गळणाऱ्या केसाचा निर्णय तेव्हाच झालेला असतो, कालच्या नाश्त्याने नाही. सहसा ते परत येतात. पण प्रोटीन, लोह, झिंक कमी असेल तर गळणं लांबतं, म्हणून त्या काळात नाश्ता चुकवणं परवडत नाही, आणि रक्त तपासून घ्यावं हे बरं.

मला सगळ्यात मोठी मोकळीक मिळाली ती नाश्त्याला नाश्ताच खायचा हा हट्ट सोडल्यावर. पाण्यातल्या डबाबंद ट्यूनाचे ५० ग्रॅम म्हणजे १० ते १२ ग्रॅम प्रोटीन, तो काट्याने मोडायचा, त्यात दोन चमचे योगर्ट आणि लिंबू, झाला नाश्ता. रात्रीचा मऊ मासा उरला असेल तर त्याच्याच रश्श्यात. चिकन मात्र सांभाळून, छातीचा तुकडा कोरडा आणि धाग्याधाग्याचा असतो, मांडीचं मांस ओलं राहतं, तेही बारीक करून सूपच्या दोन-तीन चमच्यांत भिजवून. सकाळी मासे कसले खातेस असं म्हणणारे असतातच, त्यांना म्हणावं पोटाला घड्याळ वाचता येत नाही.

ओट्सवर भांडण आहे. मी थोडेसे खाते, दुधात पातळ शिजवून, गॅसवरून उतरवल्यावर कोमट झाले की पावडर घालून, म्हणजे ओट्स हे निमित्त आणि प्रोटीन बाहेरून. नुसते पाण्यात शिजवलेले ओट्स म्हणजे जागा अडवणं. ब्रेड तर मी पहिलं वर्षभर लांबच ठेवला, मऊ ताजा ब्रेड आत जाऊन परत कणकेसारखा गोळा होतो, टोस्ट करून कडक केला तर त्या मानाने बरा पण तो खाऊन अंड्याला जागा कुठली. आणि पीनट बटर. एका मोठ्या चमच्यात ४ ग्रॅम प्रोटीन आणि ९५ च्या आसपास कॅलरी, ही मुळात चरबी आहे जिच्याबरोबर थोडं प्रोटीन येतं. शेकमध्ये चवीपुरतं अर्धा चमचा, बस.

गोळ्यांनी पण सकाळ गजबजलेली असते. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मधे किमान दोन तास, नाहीतर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. दूध-योगर्टवाला नाश्ता असेल तर त्याच्याबरोबर लोहाची गोळी म्हणजे पैसे पाण्यात. चहा-कॉफीनेही लोह अडतं. मी लोह रात्रीवर ढकललं आणि सकाळ मोकळी केली. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्यायला सांगतात कारण त्याला शोषून घ्यायला आम्ल फारसं लागत नाही, आणि आपल्या उरलेल्या पोटात आम्लाची चणचणच असते.

एक गोष्ट मात्र घरगुती उपायांत मोडत नाही. घास अडकला, फेस आला, एखाद्या दिवशी उलटी झाली इथपर्यंत ठीक, पण रोजच उलट्या होतायत, पाणीसुद्धा राहत नाहीये, असं असेल तर नाश्ता बदलत बसू नका, त्याच दिवशी टीमला फोन करा. वाट अरुंद झाली असू शकते, आणि सतत उलट्यांनी थायमिन म्हणजे बी १ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं, त्याने नजर दुहेरी होणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत जाऊ शकतं, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचंही राहतं. लोक लाजतात, मीच काहीतरी चुकीचं खाल्लं असेल म्हणून गप्प बसतात.

वर्ष उलटलं की वेगळीच गंमत सुरू होते. जागा वाढते, भूक थोडी थोडी परत येते, आणि सकाळी लक्षात येतं की बिस्किटं, खारे क्रॅकर्स, कुरकुरीत सिरियल असलं काहीही बिनबोभाट आत जातं. अंडं दोन घासांत थांबवतं आणि बिस्किटं आठ गेली तरी नाक गळत नाही! ते कुरकुरीत पीठ तोंडात विरघळून पातळ होतं आणि सरळ पुढे निसटतं, पोट भरल्याचा निरोप जातच नाही. सर्जरीनंतर पुन्हा वजन चढलेल्या ज्या लोकांशी मी बोललेय त्यांच्यातले बरेच जण मोठ्या जेवणाने नाही, चहाबरोबरच्या ह्या बारीकसारीक गोष्टींनी घसरले. म्हणजे सुरुवातीला जो ओलावा आपला मित्र होता त्याच्यावर पुढे आंधळेपणाने विसंबून चालत नाही. आता मी मुद्दाम थोडं घट्ट खाते, चावायला लावणारं, योगर्टच्या आधी कॉटेज चीज, सूपऐवजी मासा, शेक फक्त प्रवासात.

आणि नाश्ता दोन भागांत. आठला एक अंडं, साडेदहाला १०० ग्रॅम योगर्ट किंवा थोडं कॉटेज चीज, दोन्ही मिळून १५-१६ ग्रॅम होतात आणि एकाही वेळी छातीवर दाब येत नाही. ऑफिसात साडेदहाच्या योगर्टवरून सुरुवातीला चौकशा झाल्या, आता कोणी विचारत नाही. कधी कधी दोन अंडीसुद्धा एका बैठकीत जातात हल्ली. टोस्टची आठवण येत नाही, कॉफीची येते, ती अर्ध्या तासाने, बिनसाखरेची, आणि तेवढा अर्धा तास मी घड्याळाकडे चोरासारखी बघत असते.